लॉरीचं धोरण आखताय? आधी नंबरप्लेट बघा!

सीमाभागातल्या मालवाहतुकीचं धोरण ठरवणाऱ्या समितीवर तुमची वर्णी लागली असेल, तर अभिनंदन. पहिली सूचना एवढीच, की लॉरीत काय भरलंय ते विचारू नका. निपाणीची तंबाखू असो, बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग असो, नाहीतर रातोरात गोव्याला निघालेला कोबी. मालाला मातृभाषा नसते, त्यामुळे त्याच्यावर भाषण करता येत नाही. नंबरप्लेट बघा. एमएच 09 कोल्हापूरची, केए 23 चिक्कोडीची. दोन्ही गाड्यांचे मालक एकमेकांचे साडूही असतील, ते सोडा.

डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या लॉऱ्यांवर दगड पडले, तेव्हा बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कुणी मागितली होती? लगेच पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासून हिशेब चुकता झाला. फुटलेली काच कुणाच्या खिशातून बसली, असं विचारणं म्हणजे अस्मितेचा अपमान. हप्ता थकल्यावर फायनान्सवाला मात्र दोन्ही पासिंगच्या गाड्या सारख्याच मायेनं ओढून नेतो. खरा एकीकरणवादी तोच म्हणायचा.

डिझेलवरचा कर दोन्ही राज्यांत सारखा होऊ देऊ नका. वर्षानुवर्षं कर्नाटकात डिझेल स्वस्त, म्हणून महाराष्ट्राच्या गाड्या टाकी रिकामी ठेवून हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंत यायच्या. एकही मोर्चा न काढता झालेलं एवढं सीमोल्लंघन दुसरं दाखवा. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटकानं लिटरमागं दोन रुपये वाढवले, तेव्हा लॉरीमालक संपावर गेले. संपाचं मनावर घेऊ नका. गाडी उभी राहिली तर हप्ता त्यांचाच चुकतो.

आता ड्रायव्हरकडं वळू. त्याच्यासाठी कायदे आधीच भरपूर आहेत. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं त्याचं काम दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास ठरवलं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसीसुद्धा सक्तीचा आहे. एवढ्यावर थांबा. तो एसी लावून गाडी उभी कुठं करायची, हा प्रश्न चुकूनही घेऊ नका, कारण त्याला जागा लागते, आणि जागा म्हटलं की कुणाचा तरी प्लॉट आडवा येतो. आमच्याकडं एक दहाचाकी होती. तिचा ड्रायव्हर सांगायचा, "मालक, गाडी चालवून दमायला होत नाही ओ, थांबून होतंय." माल उतरवायला गोडाऊनच्या दारात रात्रभर रांग, सकाळी शेठ देवपूजा करून येणार, मग हमाल येणार, मग वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली. माल शेठचा, गोडाऊन शेठचं, पण उतरवायचे पैसे लॉरीच्या भाड्यातून. "ज्याचा माल त्याचा हमाल" अशी मागणी लॉरीवाले करतात. ऐकायला इतकी सरळ वाटते, की ती मान्य केली तर समितीला पुढं कामच उरणार नाही. आणि थांबलेले तास कामात धरू नका. धरले तर आठवड्याचे 48 तास बुधवारीच संपतील.

या थांबण्यात ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत उलटते. घाबरायचं कारण नाही. कागदाची मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत वाढवून मिळते. झोपेला तशी सोय नाही.

जादा भाराचं सोपं आहे. 20,000 रुपये दंड आणि वर टनाला 2,000. कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा असे दोघंही येतात. पण लावणारा केबिनमध्ये बसत नाही, तेव्हा सापडेल त्याला धरा. शिवाय उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या डुलवत निघालेला ट्रॅक्टर समोर आला, तर वजनकाट्याचा विषय न काढता हात जोडा. पुढं निवडणूक असते.

रस्त्यांवर वेळ घालवू नका. चोर्ला घाटात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांच्या हद्दी भिडतात. जमिनीवर प्रत्येकाचा दावा आहे, खड्ड्यावर अजून कुणी सांगितलेला नाही. पावसाळ्यात घाट ढासळू लागला की जड वाहनांना बंदी घालायची आणि कोबीला कुजायला सांगायचं.

समितीची बैठक बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातच, म्हणजे कर्नाटकच्या तिथल्या विधानभवनातच घ्या. 2012 साली उद्घाटन झालेली ही वास्तू हायवेला लागूनच आहे, त्यामुळे विषयाशी जवळीक आपोआप साधते. हिवाळी अधिवेशनात घेतली तर आणखी बरं. बंदोबस्तामुळं हॉर्न ऐकू येणार नाहीत. लॉरीतळाचा विषय अजेंड्यावर शेवटी ठेवा, म्हणजे चहा येईपर्यंत तो पुढच्या वर्षावर गेलेला असेल.

तोवर आमचा ड्रायव्हर त्याच हायवेवर हत्तरगीच्या पुढं रस्त्याकडेला, मागच्या चाकाला दगड लावून, गाडीखाली ताडपत्री पसरून झोपलेला असेल. तुमची गाडी तिकडून गेली तर लाईट डिम करा. आणि आंदोलनासाठी दगड कमी पडले, तरी तो तेवढा उचलू नका.