शेरूचा स्वेटर

आम्हा निफाडकरांना थंडीचा जरा माजच असतो. पारा ५ अंशांखाली घसरला की तो आकडा आपणच पिकवल्यासारखा आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना फोन करून सांगतो. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. आईचं म्हणणं, "द्राक्षांना शेकोटी, मग आमच्या शेरूने काय घोडं मारलंय?"

शेरू बारा वर्षांचा, गावठी, अंगावर केस बेताचेच. एका रात्री अकराला आईने त्याच्या पोटाला हात लावला आणि ओरडली, "अरे, तापलाय हा!"

डॉक्टरांना उठवलं. ते म्हणाले, "कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, ३८-३९ अंश. हाताने कळत नाही, थर्मामीटर लावा." तो कुठे लावायचा हे ऐकल्यावर मी आईला ठामपणे सांगितलं, ताप नाहीये.

तोवर आई बाम घेऊन हजर. डॉक्टर फोनवरच किंचाळले. कुत्रा अंग चाटतो, कापूर पोटात गेला तर बाधतो. तापाची गोळी? अजिबात नाही. आमची निम्मी घरगुती वैद्यकी तिथेच बाद झाली.

मग बाबांचा हाफ स्वेटर निघाला. पुढचे पाय हातांच्या भोकांतून काढले आणि शेरू जागच्या जागी पुतळा झाला. हलेना, बघेना, बिस्किटालाही ओळख देईना. त्या स्वेटरात तो हुबेहूब बाबांसारखा दिसत होता. हे मी बोलून दाखवायला नको होतं.

सकाळी खांबापाशी पाय वर केला आणि स्वेटरचा घेर भिजला. ओला स्वेटर अंगावर ठेवणं म्हणजे उघड्यापेक्षा वाईट, त्यामुळे दिवसातून तीनदा उतरवणं, वाळवणं, पुन्हा चढवणं. चौथ्या दिवशी डॉक्टर घरीच आले. "अहो, फरशीवरून उचला त्याला, वारा लागू देऊ नका, बस!" द्राक्षाचं रिकामं क्रेट, त्यात गोणपाट, वर जुनी गोधडी. खर्च शून्य. शेरू तीन गिरक्या घेऊन आत मुटकुळं करून घोरायला लागला.

बाबांनी स्वेटर परत मागितला. आईने दोनदा धुऊन, उन्हात वाळवून दिला. दुसऱ्या दिवशी बाबा तो घालून चहा घेत ओट्यावर बसले. शेरू आला, स्वेटर खालपासून वरपर्यंत नीट हुंगला, ओळख पटली, आणि त्याने शांतपणे पाय वर केला.