एकट्यासाठी रांधणं महाग पडतं, हा हिशेब कुठे चुकतो

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने स्वयंपाकाच्या नादी लागू नये. एकट्यापुरतं रांधणं बाहेरच्या जेवणापेक्षा महाग पडतं, अर्धं सामान सडून जातं, अभ्यासाचा वेळ खर्ची पडतो, पुरेशी भांडी नसतात, स्वस्तात जे शिजतं त्यात पोषण नसतं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं तर आजारपण येतं. त्यापेक्षा तयार नूडल्सचे पुडे आणि बाहेरचं जेवण बरं.

घरापासून लांब, हातात मोजके पैसे घेऊन राहणारी मुलं-मुली हे वाचतात आणि पातेलं विकत घ्यायच्या आधीच नाद सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या मजकुरातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीच्या मापाने मोजलेला आहे.

सुरुवात पैशांपासून करू. मजकुरातला हिशेब एका पाककृतीचा आहे. तिच्यासाठी तेलाची बाटली, तांदळाची पिशवी, मसाल्यांची पाकिटं, आलं, लसूण असं सगळं विकत आणायचं, त्याची बेरीज करायची आणि ती बाहेरच्या एका जेवणाच्या किमतीशी ताडून बघायची. अशा तुलनेत घरचं जेवण कधीच जिंकणार नाही. बाटलीतलं दोन चमचे तेल त्या दिवशी खर्च झालं, पण हिशेबात अख्खी बाटली धरली गेली. बाटली त्यानंतर कित्येक आठवडे चालते, ते मात्र कुठेच मांडलेलं नाही.

खरा हिशेब वाढप धरून करायचा. एका माणसाला एका वेळी 75 ते 80 ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो, म्हणजे किलोभर तांदळात बारा-तेरा जेवणं होतात. मसूर डाळ एका वेळी 50 ग्रॅम धरली तर किलोत वीस वेळा पुरते. तुम्ही राहता तिथला तांदळाचा भाव तेराने भागा, डाळीचा वीसने भागा आणि दोन्हींची बेरीज करा. त्यात कांदा, एखादी भाजी, दोन चमचे तेल आणि इंधनाचा अंदाज धरा. आलेला आकडा बाहेरच्या सगळ्यात स्वस्त जेवणाशेजारी ठेवून बघा. ही आकडेमोड प्रत्येकाने स्वतः करावी असा माझा आग्रह आहे, कारण स्वतः काढलेल्या आकड्यावरच विश्वास बसतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिल्या आठवड्यात खर्च खरोखरच जास्त येतो. तेल, मीठ, तिखट, हळद, एक पातेलं हे सगळं एकदम घ्यावं लागतं आणि महिनाअखेरीस ते जड जातं. म्हणून सुरुवात पैसे हातात आल्या-आल्या करावी. दुसरं म्हणजे, व्हिडिओत पाहिलेला पदार्थ ठरवून त्याच्या यादीने सामान आणलं तर स्वयंपाक महागच पडणार. आधी पदार्थ आणि मग सामान, ही सवय पाहुण्यांच्या जेवणासाठी ठीक आहे. रोजच्यासाठी उलट करावं लागतं. घरात काय आहे ते बघायचं आणि त्यातून काय होईल ते ठरवायचं. स्वस्त स्वयंपाकाचं सगळं कौशल्य इथे आहे, हाताच्या चवीत नाही.

सामान सडण्याचा मुद्दा पोकळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली दिलेल्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं. पण एकट्याच्या घरात काय सडतं ते बघा: पालेभाजीची मोठी जुडी, मऊ टोमॅटो, उघडलेलं दूध. तांदूळ आणि डाळी कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकतात. कोबी आणि गाजर फ्रिजमध्ये आठवड्यांच्या हिशेबाने टिकतात, अंडीही तशीच. गोठवलेले मटार लागतील तेवढे मूठभर काढता येतात आणि पोषणातही ते ताज्यांच्या मागे नसतात, कारण तोडल्यावर लवकरच ते गोठवले जातात. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत आणि कांद्यांपासून लांब. बटाट्यावर थोडी हिरवी झाक असेल तर तेवढा भाग जाडसर कापून टाकावा. फार हिरवा झालेला किंवा कडवट लागणारा बटाटा खाऊच नये. नाशवंत वस्तूंसाठी मी एकच नियम सुचवेन: घरात एका वेळी एकच जुडी. ती संपल्याशिवाय दुसरी आणायची नाही.

वेळेबद्दलच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पातेलं चुलीवर असण्याचा वेळ वेगळा आणि तुम्ही त्यात अडकण्याचा वेळ वेगळा. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत ती शिजते. तांदळालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून दोन्ही एकत्र करता येतात. थोड्या तेलात कांदा आणि लसूण परतायचा, गाजर किंवा कोबी चिरून घालायचा, एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मसूर धुऊन त्यात टाकायची, चार वाट्या पाणी, हळद, मीठ घालून उकळी आणायची आणि झाकण ठेवून आच मंद करायची. चिरणं आणि परतणं मिळून दहा मिनिटं. नंतरची वीस मिनिटं जवळ बसून वाचत राहता येतं. एवढ्यात दोन वेळचं जेवण होतं. भांडी घासायचा वेळ धरायलाच हवा, पण ती भांडी म्हणजे एक पातेलं, एक सुरी, एक ताट. बाहेर जाणं, थांबणं आणि परत येणं यातही वेळ जातो आणि तो मजकुराने शून्य धरला आहे.

भांड्यांच्या मुद्द्यावर फार बोलण्यासारखं नाही. जाड बुडाचं झाकणाचं पातेलं, सुरी, एक फळी आणि डाव एवढ्यावर वर लिहिलेलं सगळं होतं. होस्टेलच्या खोलीत आच पेटवायला किंवा विजेची उपकरणं वापरायला मनाई असेल तर ती पाळा. आगीचा धोका खरा असतो. जिथे राइस कुकरला परवानगी आहे तिथे हाच पदार्थ त्यात होतो.

स्वस्त म्हणजे निकस, हे तर सरळ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलो वजनाच्या विद्यार्थ्याला साधारण 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरातून सुमारे 24 ग्रॅम मिळतात, दोनशे ग्रॅम तांदळातून 14 आणि दोन अंड्यांतून 12. गरज इथेच भागली, आणि हे तिन्ही जिन्नस जवळपास कुठेही स्वस्तातलेच असतात. अंडी खात नसाल तर डाळ वाढवा, दूध किंवा दही घ्या. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं आणि डाळीत भरपूर, डाळीत मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी आणि तांदळात पुरेसं, त्यामुळे दोन्ही खाल्ल्याने एकमेकांची उणीव भरून निघते. वर लिंबू पिळलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. उष्मांकासाठी तेल, बटाटे, शेंगदाणे आहेत. रोज एखादं फळ आणि भाजी हवीच, तिथे काटकसर करू नये.

आता ज्या नूडल्सची शिफारस मजकूर करतो, त्यांच्या पुड्याची मागची बाजू वाचा. दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पुड्यावरचा आकडा अख्ख्या पुड्याचा आहे की एका वाढपाचा, तेही तपासा, कारण आपण खातो अख्खा पुडा. कधी खायचेच असतील तर मसाला अर्धाच घाला आणि सोबत एक अंडं, मूठभर मटार आणि कोबी टाका.

शेवटचा मुद्दा उरलेल्या अन्नाचा. इथे मजकूर सत्याच्या सगळ्यात जवळ येतो आणि तरीही निष्कर्ष चुकीचा काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचा धोका असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूचं टणक कवचातलं सुप्त रूप, उकळण्यानेही मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला तर ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही तापवला तरी भरवशाचा होत नाही. पण उपाय साधा आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही. पसरट भांड्यात काढलं की लवकर निवतं, मग झाकून 5 अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवायचं. भात, आणि तो मिसळलेलं काहीही, दुसऱ्या दिवशी संपवायचं. नुसती डाळ-भाजी तीन दिवस चालते. खाताना वाफा येईपर्यंत आतपर्यंत गरम करायचं, तेही एकदाच. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच शिजवायचं, त्यासाठी वरचं माप निम्मं करायचं. बाहेरून आणलेलं अर्धं जेवण टेबलावर रात्रभर पडलं तर त्यालाही हेच सगळं लागू होतं. जिवाणूंना अन्न कोणी शिजवलं याच्याशी देणंघेणं नसतं.

राजम्याबद्दल एक सावधगिरी ग्रुपवरच्या त्या मजकुरात नाही आणि ती असायला हवी होती. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. अर्धेकच्चे चार-पाच दाणेही उलट्या व्हायला पुरतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या स्लो कुकरमध्ये तो थेट टाकू नका. तिथे तापमान पुरेसं चढलं नाही तर विषारीपणा उलट वाढू शकतो. म्हणून अगदी नवशिक्यांनी पहिले काही आठवडे अंडी, तांदूळ आणि मसूर यांवरच हात बसवावा आणि राजम्याकडे नंतर वळावं.