क्लच घसरतोय म्हणून केबल आवळू नका

‘जुन्या गाडीचा क्लच घरीच तपासा, मिस्त्रीचे पैसे वाचवा’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज गेले पंधरा दिवस आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मी तो वाचून सोडून दिला होता. परवा मामाजींचा फोन आला : “अगं, रामझुल्याच्या पुलावर गाडी चढूनच नाही राहिली. इंजिन नुसतं ओरडून राहिलं.” त्यांनी सकाळीच मेसेज वाचून स्वतःच्या हातानं केबल आवळली होती. गाडी मारुती ८००, २२ वर्षं जुनी, पण जिवापाड जपलेली. मी पोचले तेव्हा बॉनेट उघडायच्या आधीच जळका वास येत होता.

मेसेजचा पहिलाच मुद्दा : ‘क्लच घसरत असेल तर केबल ढिली पडली आहे, नट आवळा.’ हे नुसतं चूक नाही, पार उलटं आहे. क्लच घसरणं म्हणजे इंजिन फिरतं, पण जोर चाकांपर्यंत पुरता पोचत नाही. क्लचचं पेडल दाबलं की केबल ओढली जाते आणि क्लच सुटतो, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. मग पाय न लावताच केबल ताणून ठेवली, तर क्लचची प्लेट (इंजिनाचा जोर घर्षणानं पुढे नेणारी चकती) कायम अर्धवट सुटलेलीच राहणार, घसरणार आणि जळणार. शिवाय क्लच सोडवणारं बेअरिंग सतत घासत राहणार ते वेगळंच.

पेडल वरून दाबायला लागलं की सुरुवातीला थोडं अंतर ते अलगद खाली जायला हवं, जोर त्यानंतर लागावा. या अंतराला मोकळा खेळ म्हणतात. मामाजींच्या गाडीत मी खाली वाकून तळहातानं पेडल दाबून पाहिलं. पहिल्या क्षणापासून कडक. मोकळा खेळ शून्य. डॅशबोर्डच्या कप्प्यात पेट्रोलच्या पावत्यांखाली गाडीसोबत आलेली पुस्तिका होती, पानं पिवळी पडलेली. त्या मोकळ्या खेळाचं माप तिच्यात मिलिमीटरमध्ये छापलेलं आहे. कंपनीनं स्वतः लिहून दिलेला आकडा घरात असताना कोणा अनोळखी माणसाच्या मेसेजवर नट फिरवायचाच कशाला?

आणखी एक गोष्ट, जी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावी. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारा भाग) फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाकडे सरकते आणि तिच्या स्प्रिंगची बोटं बेअरिंगकडे येतात. म्हणजे झिजेबरोबर पेडलचा मोकळा खेळ आपोआप कमी होतो. म्हणून क्लच घसरू लागला की आधी खेळ मोजायचा, आणि तो कमी भरला तर नट ढिला करायचा. खेळ बरोबर असूनही घसरतोय, तर बहुतेक प्लेट संपली किंवा तिच्यावर ऑइल आलं. मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

केबल आवळायची वेळ येते ती नेमक्या उलट्या दुखण्यात : पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकरतो. खेळ जास्त असेल तेव्हाच. दोन उलट्या आजारांना एकच औषध लिहून दिलं आहे, आणि ते औषध हजारो लोक घेत आहेत, याचा मला संताप येतो.

दुसरा मुद्दा : ‘हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, ॲक्सिलरेटर दाबून एक मिनिट धरा.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. हळूच क्लच सोडल्यावर इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय, चालूच राहिलं तर घसरतोय. पण हे दोन-तीन सेकंदांत कळतं. मिनिटभर धराल तर उरलीसुरली प्लेटही जळेल. आणि ८०० चा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, जुन्या गाडीत तोही ढिला असतो. अंगणात, समोर पोरं असताना हे करायला सांगणं म्हणजे कहर आहे. त्यापेक्षा पहाटे रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४० च्या आसपास, ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज झपकन चढला आणि वेगाचा काटा जागीच राहिला, की समजा क्लच घसरतोय.

तिसरा मुद्दा : ‘गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला.’ आधी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर घ्या.

चौथा मुद्दा : ‘आवाज आला म्हणजे प्लेट गेली.’ न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून पेडल दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर बहुतेक क्लच बेअरिंग. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग.

पाचवा मुद्दा प्लेटवरचं ऑइल टिपायला क्लचच्या आवरणातल्या छिद्रातून आत खडूची भुकटी टाकण्याचा. ऑइल गळत असेल तर सील बदलावं लागतं. भुकटी फक्त बेअरिंगमध्ये जाऊन बसेल.

मामाजींची प्लेट गेली, प्रेशर प्लेटही निळी पडली. कामठी रोडच्या मिस्त्रीनं दोन्ही काढून त्यांच्या हातात ठेवली. “नट कोणी आवळला?” त्यानं विचारलं. मामाजी काही बोलले नाहीत.

तुमच्याकडे केबलची जुनी गाडी असेल आणि या मेसेजवरून कोणी नट फिरवला असेल, तर उद्या गाडी काढण्याआधी पेडल हातानं दाबून पाहा. सुरुवातीपासूनच कडक लागलं तर पुस्तिकेतल्या मापापर्यंत नट मागे घ्या, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.