घराच्या उणिवा आधी सांगाव्यात

आमच्या घरी राहायला येऊ इच्छिणाऱ्या माणसाचा फोन आला, की नाव-गाव सांगून होण्याआधीच त्याचा पहिला प्रश्न येतो, ‘समुद्र किती लांब आहे?’ आणि दापोलीपासून गुहागरपर्यंत किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्या आम्हा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘पाच मिनिटे.’ ही पाच मिनिटे कोणाच्या पायांनी मोजायची, चालत की गाडीने, उतरताना की चढताना, हे कोणी विचारत नाही आणि आम्हीही आपणहून सांगत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे हेच उत्तर देत आलो. ते सर्वस्वी खोटे नव्हते. माझा मुलगा घरापासून पुळणीपर्यंत पाच मिनिटांत खरोखरच पोहोचतो.

आमचे घर आंजर्ले परिसरात, डोंगराच्या उतारावर आहे. नारळ-सुपारीचे आगर खाली, घर वर, आणि दोहोंना जोडणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी मधे, अशी इकडच्या बऱ्याच जुन्या घरांची रचना असते. सुरुवातीला एकच खोली ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना देत होतो. तो व्यवसाय नव्हता, वरखर्चाला हातभार होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमचे निम्म्याहून अधिक आगर एका दुपारीत आडवे झाले. घराचे नळे म्हणजे कौले उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. पण ते सगळे दुरुस्त होण्यासारखे होते. नव्याने लावलेल्या सुपारीला पीक धरायला सहा-सात वर्षे जातात, त्या वर्षांत घर कशावर चालवायचे, हा खरा प्रश्न होता. गोठ्याच्या जागी आणखी दोन खोल्या बांधल्या, संकेतस्थळांवर छायाचित्रे टाकली, आणि आगरावर चालणारे घर पाहुण्यांवर चालू लागले. या पट्ट्यात फिरलात तर अशी बरीच घरे सापडतील. आम्ही हौसेने यजमान झालेलो नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पुण्याचे एक सहा जणांचे कुटुंब आले. आरक्षण मुलाच्या नावाने होते, आणि सोबत पंचाहत्तरीच्या आजी आहेत हे फोनवर बोलण्यात आलेही होते. आमच्या जाहिरातीत ‘समुद्रापासून पाच मिनिटे, जांभ्या चिऱ्यांचे पारंपरिक कौलारू घर’ असे लिहिलेले होते. मंडळी पोहोचली तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. मी विजेरी घेऊन खाली गेलो, गाडी कुठे लावायची ते दाखवले, आणि आजींनी काठी टेकत मान वर करून पाखाडीकडे पाहिले. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. पाखाडीला बासष्ट पायऱ्या आहेत. चिरे एकसारख्या उंचीचे नाहीत, काही वीतभर तर काही दीड वीत, आणि पाऊस थांबून दोन महिने झाले तरी सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळाचा काळपट थर असतो. आजी बारा-तेरा पायऱ्या चढल्या आणि खाली बसल्या. शेवटी पडवीतली प्लास्टिकची खुर्ची खाली नेली, तीत त्यांना बसवले, आणि माझ्या मुलाने व शेजाऱ्याच्या मुलाने ती पालखीसारखी वर आणली. वाटेत त्या एकच वाक्य दोनदा बोलल्या, ‘बाळांनो, सावकाश.’

पुढचे दोन दिवस त्या पडवीतून हलल्या नाहीत. कुणीतरी त्यांच्याजवळ थांबायला हवे म्हणून घरातले आळीपाळीने खाली जात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पत्नी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसली, तेव्हा आजी परात पुढे ओढून घेऊन तिच्याबरोबर वाल सोलत बसल्या, आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा भरभर चालत होता. निघताना मला जवळ बोलावून म्हणाल्या, ‘घर छान आहे हो तुमचं. पायऱ्यांचं तेवढं आधी सांगितलं असतंत, तर मी घरीच थांबले असते आणि पोरांना मोकळेपणानं हिंडता आलं असतं.’ त्या कुटुंबाने पाचपैकी पाच तारे दिले आणि अभिप्रायात पाखाडीचा चकार शब्द लिहिला नाही. त्यांनी भांडण केले असते, तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

त्यानंतर आमच्या घराचे वर्णन मी पुसून नव्याने लिहिले. आता त्याची सुरुवातच बासष्ट पायऱ्यांनी होते. एकाच खोलीत वातानुकूलन यंत्र आहे आणि उरलेल्या दोन खोल्यांत पंखा. पावसाळ्यात वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे तीन तास चालतात, त्यानंतर कंदील. मोबाइलला नीट रेंज फक्त पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात मिळते. जुलैत न्हाणीघरात बेडूक येतो आणि तो कुणालाही चावत नाही. मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला जाते, म्हणून बादली आणि तांब्या. आमच्या स्वयंपाकघरात मासे शिजत नाहीत, पण हर्णैच्या बंदरावरून लिलावात घेतलेले मासे आमच्या शेजारणीकडे दिले तर ती ते उत्तम करून देते, आणि त्याचे पैसे तिला द्यायचे. हे सगळे छायाचित्रांच्या आधी लिहिलेले आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे, की हे वर्णन म्हणजे ‘येऊ नका’ची पाटी आहे. विचारणा कमी झाली, हे त्याचे खरे आहे. परंतु पूर्वी चार पाहुण्यांमागे एकाशी तरी जो रुसवाफुगवा व्हायचा, तो आता जवळपास होत नाही. ज्याला बेडूक चालत नाही तो येतच नाही, आणि जो येतो तो आल्या-आल्या बेडूक कुठे आहे ते विचारतो.

या धंद्यातल्या प्रत्येक शिबिरात, प्रत्येक भाषणात ‘अतिथी देवो भव’ हे वचन हटकून येते. तैत्तिरीय उपनिषदातले हे वचन थोरच आहे, पण आमच्या व्यवहाराला ते लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची आपल्याकडे परंपरेने फोड करतात. अवेळी, न सांगता दाराशी आलेल्या माणसाला जे घरात असेल ते द्यावे आणि त्याने ते गोड मानून घ्यावे, असा तो धर्म आहे. आमचा पाहुणा तारीख ठरवून, आगाऊ रक्कम भरून, दुपारी बाराला येतो आणि परवा सकाळी दहाला जातो. त्याला देव म्हणणे सोयीचे एवढ्यासाठी वाटते, की देवाला नैवेद्य दाखवला की काम झाले, देव तक्रार करत नाही. पैसे मोजणाऱ्या माणसाला तक्रारीचा हक्क आहे, आणि त्याही आधी, आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे नेमके कळण्याचा हक्क आहे. आग्रह करकरून तिसरे घावन वाढल्याने न सांगितलेल्या पायऱ्यांची भरपाई होत नाही.

ताऱ्यांच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण वर्णनात साखर घोळण्याची सवय काही अंशी तिथूनच लागते. एअरबीएनबी या घरे-खोल्या भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावर ‘सुपरहोस्ट’, म्हणजे अव्वल यजमान, म्हणवून घ्यायचे असेल, तर ताऱ्यांची सरासरी पाचपैकी किमान ४.८ लागते. आपल्याकडे शंभरात ऐंशी गुण म्हणजे विशेष प्रावीण्य. तिथे पाचात चार मिळाले की सरासरी खाली ओढली जाते. पाहुण्याला बिचाऱ्याला हे ठाऊक नसते, तो ‘फार छान’ असे लिहून चार तारे देतो आणि निर्धास्तपणे घरी जातो. मग यजमान पाचव्या ताऱ्यासाठी लाचार होतो, निघताना भेट म्हणून कोकमाची बाटली देतो, आणि पुढच्या पाहुण्यासाठी छायाचित्र असे काढतो, की खिडकीतून समुद्र दिसतो आणि मधला मोबाइलचा टॉवर दिसत नाही. परंतु अपेक्षा फुगवून मिळवलेला पाहुणाच कमी तारे देतो, हेही मी पाहिले आहे.

उलट उदाहरण द्यायचे, तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे द्यावे लागेल. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, पुढे कासव महोत्सव होऊ लागला, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्या माणसांची सोय गावकऱ्यांनी आपापल्या घरांत केली. जमिनीवर अंथरुणे, घरचे साधे जेवण, आणि अंड्यांतून पिल्ले केव्हा बाहेर येतील हे कासवाच्याच हाती, त्यामुळे ती दिसतीलच याची हमी नाही, हे आधीच सांगितलेले. तरीही माणसे जात राहिली. पिल्लू न पाहताच परत आलेल्या काही जणांना मी भेटलो आहे. ते हळहळत होते, पण फसवले गेल्याचे कोणीच म्हणाले नाही.

अर्थात खरे बोलण्याचे ओझे एकट्या यजमानावर नाही. चौघांचे आरक्षण करून सात जण येतात आणि ‘मुलं लहान आहेत हो, कुठेही झोपतील’ असे सांगतात. त्यांतला एक ‘लहान’ मिशीवाला असतो. मग गाद्या, पाणी, न्याहारी आणि शोषखड्डा, सगळ्यांचा हिशेब कोलमडतो. प्रत्येकाचे ओळखपत्र मागितले की काहींना अपमान वाटतो, पण परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे कळवावीच लागते, आणि देशी पाहुण्यांचीही नोंद नीट असावी, या मताचा मी आहे. समुद्राचे तर विचारूच नका. किल्ली देताना मी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ कागदावर लिहून देतो. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते आणि पुढे रोज ती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, एवढे गणित शाळकरी पोरालाही येते. तरी ओहोटीच्या ओढीत कमरेएवढ्या पाण्यात उतरू नका, असे सांगितले की ‘आम्हाला पोहता येतं’ हे उत्तर येते. पुळणीवर गाडी नेऊ नका म्हटले की मान डोलावतात, आणि तासाभराने ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मागायला फोन येतो.

‘घरगुती’ या शब्दाचाही एकदा हिशेब मांडला पाहिजे. घरगुती जेवण, घरगुती वातावरण, असे आम्ही सगळेच लिहितो, आणि त्या शब्दाखाली घरातल्या बाईचे काम झाकले जाते. बारा माणसांना साडेआठला घावन हवे असेल, तर पत्नी साडेपाचला उठते. बिडाचा तवा एक, घावन एका वेळी एक. जुलैत चादरी तीन-तीन दिवस वाळत नाहीत, माळ्यावर दोऱ्या बांधून खाली पंखा लावावा लागतो, आणि तरीही ओलसर वास राहिला तर त्या पुन्हा धुवायच्या. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेली वाळू रोज हाताने काढावी लागते. कितीतरी वर्षे मी या कामाची किंमत भाड्यात धरलीच नव्हती. आता ती धरतो, वेगळी लिहितो, आणि मदतीला येणाऱ्या गावातल्या दोघींना प्रत्येक खोलीमागे ठरलेली रक्कम त्याच दिवशी देतो. न्याहारीची वेळ साडेआठ ते दहा. साडेदहाला उठणाऱ्याला चहा मिळेल, घावन मिळणार नाही, हेही वर्णनात आहे.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत खोल्या जास्तीत जास्त ६, खाटा १२, आणि मालकाच्या कुटुंबाने त्याच वास्तूत राहायचे, अशी अट आहे. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हल्ली शहरातली मंडळी इकडे बंगला बांधून तो वर्षभर भाड्याने देतात आणि गावातला एक मुलगा देखरेखीला ठेवतात. वर्णन लिहिणारा ठाण्यात किंवा पुण्यात, आणि ‘इथे तर पोहण्याचा तलाव लिहिला होता’ हे ऐकून घेणारा तो मुलगा. ज्याने लिहिले, त्याच्याच तोंडावर ते वाचून दाखवले जाण्याची सोय असली, की लेखणी आपोआप जपून चालते. आजींची खुर्ची वर येताना मी मागे विजेरी धरून चालत होतो, म्हणूनच ते वर्णन मला बदलावेसे वाटले.

गेल्या आठवड्यात नाशिकहून एका बाईंचा फोन आला. समुद्र किती लांब, हे विचारून झाले. मी म्हणालो, उतरताना आठ मिनिटे, चढताना पंधरा, आणि मधे बासष्ट पायऱ्या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, ‘धरायला कठडा आहे का?’ आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खालच्या चाळीस पायऱ्यांना डाव्या हाताला आहे, वरच्या बावीस पायऱ्यांना नाही, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. संध्याकाळी टेप घेऊन मुलाबरोबर वरच्या पायऱ्यांची मापे घेतली आणि वेल्डरला पाठवली. लोखंड घ्यायचे की गंज लागणार नाही असे स्टील, एवढेच ठरायचे राहिले आहे.