हंगलसाहेब बिचारे नव्हते

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर वहिनीने विचारलं, "गणपतीला गावी कोण कोण येणार? गाडी ठरवायची आहे." दोन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याने स्टिकर टाकला. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, शून्यात लागलेले डोळे, आणि खाली "इतना सन्नाटा क्यों है भाई?" लगेच वीस जणांनी हसून घेतलं. (गाडीबद्दल तरीही कुणी बोललं नाही.)

मी भाच्याला फोन करून विचारलं, हा माणूस कोण, माहीत आहे का? म्हणाला, "शोलेतला आंधळा म्हातारा ना? नाव नाही माहीत. बिचारा असतो तो नेहमी."

नाव माहीत नसल्याचा मला राग नाही. चरित्र अभिनेत्यांची नावं आमच्या पिढीलाही धड ठाऊक नव्हती. "तो नेहमी इन्स्पेक्टर असतो तो", "ती सासू होते ती" असंच आम्ही बोलायचो. मला टोचलं ते 'बिचारा'. कारण अवतार किशन हंगल या गृहस्थांच्या आयुष्यात आणि त्यांच्या चांगल्या कामांतही हा शब्द कुठे बसत नाही. आणि ज्या प्रसंगाचा स्टिकर झालाय, त्यात तर मुळीच नाही.

तो प्रसंग आठवा. जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरीला निघालेला पोरगा घोड्यावरून मरून परत येतो. गाव चिडीचूप. त्याचे वडील इमामसाहेब, म्हणजे हंगल, विचारतात, एवढी शांतता का? इथवर सगळ्यांच्या लक्षात असतं, आणि स्टिकरही इथेच संपतो. पण खरं काम पुढे आहे. गब्बरची चिठ्ठी वाचून गावकरी कच खातात. जय-वीरूला गावात ठेवून घेतल्याचा बोजा आता आम्हाला सोसवत नाही, म्हणतात. तेव्हा बोलतो कोण? ठाकूर नाही, वीरू नाही, जय नाही. ज्याचं पोर समोर पडलंय तो बोलतो. बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा याहून मोठं ओझं जगात नाही, मी म्हातारा ते उचलतोय आणि तुम्हाला एका संकटाचं ओझं उचलवत नाही? लाचारीने जगण्यापेक्षा इज्जतीचं मरण बरं. या दोघांनी इथेच राहावं असं हा बाप म्हणतो. अख्ख्या गावाचं मत एक आंधळा माणूस फिरवतो. हे काम पडलं असतं तर त्या दोघांना गाव सोडावं लागलं असतं आणि सिनेमा तिथेच आटोपला असता. आणि आपण त्याला बिचारा म्हणतो.

हंगल हे काम कसं करतात ते बघा. आवाज चढवत नाहीत, छाती बडवत नाहीत. आमचे थोरले काका गिरणीत साचाखात्यात होते आणि कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी बापाचं काम करायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी टक्कल पडलं आणि त्या दिवसापासून ते बापच झाले. ते म्हणायचे, "बापाचं काम करणाऱ्याने रडायचं नसतं रे, आवरायचं असतं. रडायला समोर खुर्च्या मांडलेल्या असतात." शोलेतला तो प्रसंग आला की काका टीव्हीचा आवाज वाढवायचे नाहीत, कमी करायचे. म्हणायचे, आता नुसता चेहरा बघ.

हंगलना ते आवरणं कुठून आलं असेल याचं माझ्यापुरतं उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. जन्म सियालकोटचा, १९१४ चा, वाढले पेशावरात. सरकारी नोकरीत चिकटायचं सोडून शिंपीकाम शिकले. नाटकाचा नाद तिथेच लागला आणि स्वातंत्र्यलढ्यातही तिथेच ओढले गेले. पुढे कराचीत कम्युनिस्ट पक्षाचं काम, कामगारांच्या युनियन, आणि फाळणीनंतर तिथल्याच तुरुंगात दोन वर्षं. १९४९ च्या सुमाराला मुंबईत आले ते खिशात वीस रुपये घेऊन. पुन्हा हातात कात्री आणि टेप. दिवसा शिलाई, संध्याकाळी इप्टाच्या तालमी.

इप्टा म्हणजे १९४३ साली मुंबईतच उभी राहिलेली लोकनाट्य चळवळ. आपले अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख याच चळवळीतले. बलराज साहनी, कैफी आझमी तिथलेच. तिथे नाटकात काम करायचं म्हणजे सतरंज्या उचलायच्या, तिकिटं खपवायची, मोर्चालाही जायचं. हंगल हयातभर तिथेच राहिले, पुढे संस्थेचं अध्यक्षपदही सांभाळलं. सिनेमाने पैसे आणि ओळख दिली, पण स्वतःला ते नाटकवालाच समजायचे.

सिनेमात आले तेव्हा पन्नाशी गाठली होती. 'तीसरी कसम', १९६६. म्हणजे या नटाचा तरुण चेहरा पडद्यावर नाहीच! बाकीच्या नटांना आपण म्हातारं होताना पाहतो. हंगल पहिल्या दिवसापासून म्हातारे. ज्या वयात लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात त्यांनी हा धंदा सुरू केला आणि दोनशेच्या वर सिनेमे केले. नायक व्हायची उमेद नव्हती, त्यामुळे नायक न झाल्याची खंतही चेहऱ्यावर नव्हती. आमच्याकडच्या कित्येक गुणी सहाय्यक नटांच्या कामात ती खंत मधूनच डोकावते, दोन वाक्यं मिळाली की तिसरं स्वतःचं घुसडायची घाई दिसते. हंगल समोरच्याचं ऐकून घ्यायचे. कॅमेऱ्यापुढे ऐकणं हे बोलण्यापेक्षा अवघड काम आहे असं माझं ठाम मत आहे.

'दीवार' घ्या. शशी कपूरचा इन्स्पेक्टर पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायावर गोळी झाडतो, मग कळतं की घरात अन्नाचा कण नव्हता. खाण्याचं घेऊन तो त्या घरी जातो. आई त्याला वाटेल ते बोलते. बाप निवृत्त शिक्षक. तो मात्र म्हणतो की चोरी लाखाची काय नि रुपयाची काय, चोरीच. दोन-तीन मिनिटांचं काम. पण भावाच्या विरोधात उभं राहायचं बळ शशी कपूरला या झोपडीतून मिळतं. अमिताभच्या दोन तोडीस तोड संवादांइतकं वजन मी त्या दोन-तीन मिनिटांना देतो. भांडायचं असेल तर खाली भांडा.

'नमक हराम'मधला युनियन लीडर तर त्यांना पाठ असणार. आयुष्यभर जे केलं तेच. आणि 'गर्म हवा' बघितला नसेल तर आज रात्री बघा. आग्र्याच्या सलीम मिर्झाची हवेली घेणारा सिंधी व्यापारी अजमानी. निर्वासित होऊन इकडे आलेला माणूस, इकडून उखडल्या जाणाऱ्या माणसाचं घर विकत घेतो. दुसऱ्या कुणी त्याला खलनायक करून टाकलं असतं. हंगलच्या वागण्यात एक संकोच आहे, घर सुटणं म्हणजे काय हे या माणसाला ठाऊक आहे असा. समोर बलराज साहनी, आणि कराचीहून आलेल्या नटाला कराचीहून आलेल्याचं काम.

'बावर्ची'त दुर्गाबाई खोटे त्यांची बायको होत्या. त्यावर लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल.

आता माझ्याच बाजूला एक खोच मारतो. हिंदी सिनेमाने त्यांना पुष्कळदा बिचारा केलं, हे खरं आहे. पगडी पायावर ठेवणारा बाप, कर्जबाजारी मास्तर, हुंड्याला पैसे नसलेला कारकून. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे साचे तयार होते आणि त्यांनी त्यात कामं केली, घर चालवायचं होतं. त्यातली बरीचशी मलाही बघवत नाहीत. पण १९८२ चा 'शौकीन' आठवा. अशोककुमार, उत्पल दत्त आणि हे, तिघे म्हातारे पोरीच्या नादाने गोव्याला निघतात. इंदरसेन नावाचा माणूस स्वतःला अँडरसन म्हणवून घेतो! त्या मिशीखालचं ते चोरटं हसू बघून आमच्या काकांना खुर्चीतून उठवावं लागलं होतं. हा माणूस आधीपासून हे करू शकत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पडद्याबाहेरही त्यांना वाकवायचा प्रयत्न झाला. १९९३ साली मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीच्या कार्यक्रमाला गेले, म्हणून शिवसेनाप्रमुखांनी त्यांच्यावर बहिष्काराची हाक दिली. जन्मगावी एकदा जाऊन यायची इच्छा, व्हिसासाठी खटपट, त्यातून आलेलं आमंत्रण. पुढे काही काळ कामं बंद. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या माणसाला ऐंशीच्या उंबरठ्यावर देशभक्तीची परीक्षा द्यायला लावली. मी मराठी माणूस म्हणून लिहितोय, मला याची लाज वाटते. कुणाला राग आला तर येऊ द्या.

नंतर 'लगान'च्या वेळी कच्छमध्ये कंबर दुखावली तरी शंभूकाकाचं काम पुरं केलं. २००६ ला पद्मभूषण मिळालं. २०११ च्या सुरुवातीला बातम्या आल्या की औषधपाण्याचा खर्च झेपत नाही. सांभाळणारा मुलगाही सत्तरी ओलांडलेला. मग मदत आली, मोठ्या नटांनी केली, चांगलंच झालं. पण दोनशे सिनेमांनंतर ही बातमी छापून यावी लागते, यावर कुणाचं फार काही बिघडलं नाही. त्याच वर्षी ते चाकाच्या खुर्चीतून एका फॅशन शोच्या रॅम्पवर आले होते. तो फोटो शोधून बघा आणि चेहऱ्यावर बिचारेपणा सापडला तर मला कळवा. २६ ऑगस्ट २०१२ ला गेले.

एवढं सगळं भाच्याला कसं सांगणार? मी त्याला तो प्रसंग पूर्ण पाठवला, स्टिकरच्या पुढचा. नीट बघ, आवाज बंद करून एकदा आणि चालू करून एकदा, असं लिहिलं. दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं.

"मामा, तो मेलेला पोरगा म्हणजे सचिन पिळगावकर???"

वहिनीला मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.