आप्पांची हराळी, आमचं लॉन

दुष्काळात तगणारं गवत पैसे मोजून आणायचं असतं, हे आमच्या आप्पांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. आप्पा म्हणजे माझे सासरे. निफाडकडची द्राक्षबाग, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात खुरपणी, यात त्यांचा जन्म गेला. गवत उपटायला मजूर मिळत नाहीत म्हणून ज्यांनी रात्र-रात्र तळमळ केली, त्यांच्यापुढे मी म्हणाले, "आप्पा, आम्ही गवत पेरतोय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "जनावर कोणतं घेतलं गं?"

जनावर नव्हतं. पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या रो-हाउसपुढे पाचशे चौरस फुटांचा एक तुकडा होता. बिल्डरच्या पत्रकात त्याचं नाव गार्डन एरिया होतं. प्रत्यक्षात तिथे मुरूम, फुटक्या टाइल्स आणि सिमेंटसकट दगड झालेलं एक घमेलं होतं. पेव्हर ब्लॉक बसवून मोकळं व्हावं असं माझं मत होतं. पण नवऱ्याला संध्याकाळी अनवाणी पायांनी हिरवळीवर चहा प्यायचा होता. पाय त्याचे, चहा माझ्या हातचा, त्यामुळे मतदान बरोबरीत सुटलं आणि लॉन ठरलं.

आता नाशिकमध्ये लॉन म्हणजे थोडी लाज बाळगून करण्याची गोष्ट. त्र्यंबकला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोच ढग शहरात येईपर्यंत वर्षाचा हिशेब सातशेच्या आसपास येतो. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर हा जिल्हा कोर्टापर्यंत जातो. उन्हाळ्यात लोक सकाळी पेपरात आधी गंगापूर धरणाची टक्केवारी बघतात, मग राशिभविष्य. अशा गावात होजपाइप हातात धरून गवतावर उभं राहिलं, की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. म्हणून अट घातली की गवत कमी पाण्यावर जगणारं हवं.

नर्सरीत गवताला नाव विचारलं तर देश सांगतात. हे कोरियन, हे मेक्सिकन, आणि एक सिलेक्शन वन, जे कोणत्या स्पर्धेतून निवडलंय ते समजत नाही. "यातलं दुष्काळात तगणारं कोणतं?" मी विचारलं. "सगळीच तगतात मॅडम," नर्सरीवाला म्हणाला, "फक्त पाणी रोज घालायचं." बी मागितलं तेव्हा तर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. गवताची तयार लादी असताना बी कोण पेरतं?

नवऱ्यानं मग घरी बसून अभ्यास केला. कुठलाही निर्णय घेण्याआधी तो एक्सेलमध्ये तक्ता करतो. लग्नाआधी केला होता का, हे मी विचारलेलं नाही. फेस्क्यू खोल मुळांचं पण थंड हवेतलं, बाद. बफेलो ग्रास अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचं, काटक, पण बी मिळेना. झॉयसिया छान, पण वाढीला इतकी संथ की तोवर घराचे हप्ते फिटतील. उरलं बर्म्युडा. भर उन्हात खूश, सावलीत नाराज, पाणी नसेल तर झोपून जाणारं, पाणी आलं की उठणारं. पाकीट आलं. बियांवर हिरवा लेप होता. असल्या लेपवाल्या बियांत निम्म्यापर्यंत वजन लेपाचंच असू शकतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात आणि भाव ठळक अक्षरात.

आप्पांनी पाकिटावरचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "ही तर हराळी हाये."

नवऱ्यानं शास्त्रीय नाव दाखवलं: सायनोडॉन डॅक्टिलॉन. मग स्वतःच फोनवर तपासलं, आणि गप्प झाला. खरोखर हराळीच. गणपतीला वाहतात ती दूर्वा, बागाईतदार शिव्या घालतो ती हराळी आणि परदेशी पाकिटातलं हे, सगळं एकच. फक्त यातली जात बारीक पात्याची, निवडून वाढवलेली.

तरी त्यानं हार मानली नाही. "आप्पा, याची मुळं खूप खोल जातात."

"मला सांगतो?"

"जमिनीखालूनही पसरतं, वरूनही. छोटा तुकडा राहिला तरी त्यातून नवं फुटतं."

"त्या तुकड्यांना काशा म्हणत्यात. भर उन्हात नांगरून, वेचून, जाळल्यात मी."

"आणि पाण्याविना वाळतं, पण मरत नाही!"

आप्पांनी पाकीट खाली ठेवलं. "मरत नाय, हे तू मला शिकवू नको."

पेरणीला मात्र त्यांनीच हात लावला, कारण चुकीची पेरणी बघवत नव्हती त्यांना. मुरमावर काही येणार नाही म्हणून गावाकडून काळ्या मातीची ट्रॉली मागवली. बी खसखशीहून बारीक, किलोत चाळीसेक लाख दाणे. आमच्या तुकड्याला पाव ते अर्धा किलो पुरे. त्यात बारीक वाळू मिसळून निम्मं उभं फेकलं, निम्मं आडवं. वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती, जास्त नाही. रोलर नव्हता म्हणून पाण्यानं भरलेला निळा ड्रम आडवा करून लोळवला. तो पाणीकपातीसाठी भरून ठेवलेला ड्रम होता, आणि त्याचं झाकण सैल होतं. पुढचं लिहीत नाही.

मग कळली या गवताची खरी गंमत. मोठेपणी हे दुष्काळ सोसतं, पण बालपण राजेशाही लागतं. बी इतकं वर असतं की माती घटकाभर सुकली तरी कोंब गेला. म्हणून दोन-तीन आठवडे दिवसातून दोनतीनदा हलका शिडकावा. आणि आमच्याकडे नळाला पाणी एकदाच, तेही पहाटे. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायला लागले. या जातीला थोडं खारट पाणी चालतं, एवढं एक बरं. पाहुण्यांना मी आग्रहानं पाणी देऊ लागले, कारण एक ग्लास गाळला की बादलीत त्याहून जास्त पडायचं.

मुंग्यांनी आपला वाटा नेला. चिमण्यांनी नेला. उरलेला पावसानं नेला: जूनमधल्या एका संध्याकाळी असा कोसळला, की वाळू, बी आणि लेपाचा हिरवा रंग, सगळं फाटकाखालून शेजारच्या काकांच्या पार्किंगमध्ये. काही दिवसांनी काका दारात आले. मोठे सभ्य गृहस्थ. "तुमचं काहीतरी आमच्याकडे उगवलंय," म्हणाले. त्यांच्या पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक फटीत नाजूक, बारीक पात्याची, सरळ रेषेत हिरवळ आली होती. पाकिटावरच्या फोटोतल्यासारखी.

आमच्याकडेही हिरवं झालं, दणकट झालं, पण पातं जाडसर. आप्पा खाली वाकले, एक धागा ओढला, तो संपेचना. मग शांतपणे म्हणाले, "ट्रॉली वरच्या बांधाकडची. तिथं हराळी माजली होती, म्हणून तीच माती देऊन टाकली." गावची हराळी ट्रॉलीतून फुकट आली आणि पाकिटातली शेजारी गेली. शिवाय लव्हाळाही आला. तो ओळखायचा कसा हे आप्पांनी शिकवलं: काडी बोटांत फिरवायची, तीन धारा लागल्या तर लव्हाळा, आणि मग खालच्या गाठीसकट काढायचा, नुसता ओढला तर हसतो.

आता लॉन आहे. पावसाळ्यात हिरवंगार असतं, जेव्हा कंपाउंडची भिंत, टाकीचं झाकण आणि गटारसुद्धा हिरवंगार असतं. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात झळकला की ते थंडीनं तपकिरी होतं, मेमध्ये पाण्याविना तपकिरी होतं. नवरा म्हणतो, झोपलंय. भाद्रपदात कॉलनीतल्या काकू दूर्वा न्यायला येतात आणि मशीननं कापलेल्या गवताला कोंबच नाहीत म्हणून तक्रार करून कुंपणाकडेची, न कापलेली नेतात.

चहा मात्र अजून निवांत झालेला नाही. गावाकडचे पाहुणे आले की नवरा हौसेनं खुर्च्या लॉनवर मांडतो. त्यांना खुर्ची नको असते, ते खालीच बसतात. द्राक्षाचा भाव, कुणाच्या मुलाचं लग्न, पाऊस असं बोलत राहतात, आणि बोलता बोलता हात आपोआप चालू असतो. मी ट्रे घेऊन येईपर्यंत प्रत्येकाच्या भोवती परातीएवढी जमीन साफ झालेली असते, आणि काशा बाजूला नीट ढीग करून ठेवलेल्या. मागच्या खेपेला आप्पांचे धाकटे भाऊ जाताना म्हणाले, "सूनबाई, राहिलेलं पुढच्या वेळी काढू."