“फाइलींऐवजी नुसते आकडे दिले” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या सर्व्हरच्या बिघडलेल्या डिस्कमधला डेटा आम्ही काढून दिला, त्यात काही फाइलींना नावाऐवजी नुसते आकडे आले, म्हणून दोन स्टार दिलेत. तुमचा अधिकार आहे. पण “पैसे पूर्ण घेतले, फाइलींऐवजी आकडे दिले, फुकटच्या फोटोरेकनेही (फाइली परत काढणारा प्रोग्राम) एवढं झालं असतं” हे वाचून आणखी कुणी आपली डिस्क बिघडवू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

ते आकडे आम्ही दिलेले नाहीत. तुमच्या सर्व्हरची डिस्क ईएक्सटी४ या पद्धतीने (लिनक्सची फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची रीत) लावलेली आहे, आणि त्यात नाव फाइलीजवळ नसतंच. आकार, तारखा, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलीच्या नंबर दिलेल्या नोंदीत. नाव मात्र फोल्डरच्या यादीत, आयनोडच्या नंबरासमोर. यादी गेली की आयनोड बेवारस होतो. एफएससीके हा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम त्याला ‘लॉस्ट+फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि नावाच्या जागी नंबर चिकटवतो.

लाइट गेल्यावर सर्व्हर उठेना म्हणून ऑफिसात ‘एफएससीके डॅश वाय’ चालवलं, हे रिव्ह्यूत तुम्हीच लिहिलंय. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून “हो”. आयनोड पुसू? हो. आणि तुमच्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा होत्या. अशा डिस्कवर दुरुस्ती म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर नवं लिखाण. डॅश एन लावलं असतं तर काहीही न लिहिता बिघाडांची यादी समोर आली असती. सुपरब्लॉक (अख्ख्या फाइल सिस्टमची मुख्य नोंद) गेला असता तर एक वेळ परवडलं असतं, त्याच्या राखीव प्रती असतात. फोल्डरच्या यादीची अशी राखीव प्रत नसते.

फोटोरेक आम्हीही वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते फाइल सिस्टम बघतच नाही. फाइलीची सुरुवात ओळखून मजकूर उचलतं, त्यामुळे मूळ नावं सहसा येत नाहीत. आम्ही आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेतली आणि सगळं काम तिच्यावर केलं. काही फोल्डर अख्खे ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये गेले होते, त्यांच्या आतली नावं शाबूत मिळाली. जर्नलमध्ये (डिस्कवरचे बदल आधी टिपून ठेवायची जागा) याद्यांच्या जुन्या प्रती सापडतात, तिथूनही काही नावं काढली. अजून निघाली असती, पण दुरुस्तीनंतर सर्व्हर वापरात राहिला आणि जर्नलमध्ये जुन्यावर नवं लिहिलं जातं. तुमच्या हातात आलेले आकडे म्हणजे एवढं करून उरलेल्या फाइली.

पैसे परत मिळणार नाहीत, स्पष्ट सांगतो. “सर्व नावे परत येतीलच असे नाही” हे कामाआधीच्या रिपोर्टमध्ये होतं आणि त्यावर तुमची सही आहे. एक करता येईल: साइटच्या फोटोंत कॅमेऱ्याने टाकलेली तारीख-वेळ असते, त्यावरून ते महिन्यांनुसार लावून देतो, वेगळा चार्ज नाही. ड्रॉइंग मात्र तुमच्या माणसांनाच उघडून ओळखावी लागतील.

इमेज महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे आहे. तेवढ्यात रिकामी डिस्क घेऊन या. जुनी डिस्क कृपा करून पुन्हा सर्व्हरला लावू नका.